देवाला कोणत्या नावानं हाक मारली? ग्रीक धर्म नावांतून शिकू पाहणाऱ्यांसाठी

ख्रिस्तपूर्व ३९९. पर्शियाच्या स्वारीवर गेलेल्या दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिकांपैकी वाचलेले लोक आशिया मायनरच्या किनाऱ्याला लागले आहेत. त्यांचा एक सेनानी, अथेन्सचा झेनोफन, लांप्साकोस गावी उतरतो. तिथं त्याला जुन्या ओळखीतला एक शकुन पाहणारा भेटतो, एउक्लेइदेस. तो विचारतो, किती सोनं मिळवलंस? झेनोफन शपथेवर सांगतो की घोडा विकल्याशिवाय घरी जायलाही पैसे पुरणार नाहीत. एउक्लेइदेसला ते खरं वाटत नाही. पुढे झेनोफन अपोल्लोनला बळी देत असताना तो शेजारी उभा राहतो, जनावराची आतडी पाहतो आणि म्हणतो, आता पटलं. मग तो विचारतो, मी घरी तुमच्यासाठी झेउस मेइलिखिओसला बळी देत असे, तसा तू निघाल्यापासून कधी दिलास का? झेनोफन म्हणतो, नाही. तोच तुझी वाट अडवतोय, असं एउक्लेइदेसचं निदान.

दुसऱ्या दिवशी ओफ्रिनिओन इथं झेनोफन वडिलोपार्जित रीतीनं डुकरं अख्खी जाळून अर्पण करतो. त्याच दिवशी सैन्याचे पैसे घेऊन दोन माणसं येतात. त्यानं लांप्साकोसला ५० दारिक नाण्यांना विकलेला लाडका घोडाही ती त्याला परत देतात आणि किंमत घ्यायला नकार देतात.

ही गोष्ट झेनोफननं स्वतः लिहून ठेवली आहे. त्या सगळ्या मोहिमेत तो झेउसला विसरला होता असं मुळीच नाही. झेउस बासिलेउस म्हणजे राजा झेउस, त्याला त्यानं बळी दिले होते. झेउस सोतेर म्हणजे तारणारा झेउस, त्याला सैन्यानं नवस बोलला होता आणि फेडलाही होता. पण मेइलिखिओस राहून गेला होता. राजाला दिलेलं मेइलिखिओसच्या खात्यात जमा झालं नाही.

ग्रीक धर्माचा अभ्यास सुरू करताना आपण बहुतेक जण एक तक्ता करतो: झेउस आकाशाचा, पोसेइदोन समुद्राचा, आर्तेमिस शिकारीची. माझी पहिली वही अशीच होती आणि तिनं मला फार काळ अडवून ठेवलं, कारण त्या तक्त्यात घोडा विकलेल्या झेनोफनचा प्रश्न बसतच नाही. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं असं की तक्ता बाजूला ठेवा आणि नाव धरा. कुणी, कुठं, कशासाठी, कोणत्या नावानं हाक मारली, एवढंच शोधत जा. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. आपण शक्यतो मेइलिखिओसलाच धरून चालू.

आधी आठवडाभर अक्षरं आणि विभक्ती

ग्रीक भाषा पुरी येईपर्यंत थांबू नका, पण चोवीस अक्षरं शिकाच. नावं शिलालेखांत शोधायची आहेत आणि दुसऱ्या लिपीतून आलेली नावं वाटेत बदललेली असतात. इथं मराठी माणसाला एक खरीखुरी सोय आहे. अभिजात ग्रीकमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे आपल्यासारखेच वेगळे ध्वनी होते, महाप्राणासकट. ‘अथेना’मधला थ आपल्या थाळीतलाच. ‘मेइलिखिओस’मधला ख आपल्या खणातलाच. कित्येक युरोपीय विद्यार्थ्यांना हा भेद मुद्दाम घोटावा लागतो. या लेखात देवांची नावं मी मूळ उच्चाराच्या जवळ ठेवली आहेत, म्हणून झ्यूस इथं झेउस आहे. माणसांची नावं मात्र मराठीत रुळलेली असतील तिथं तशीच आहेत.

विभक्तीचा धाक बाळगू नका. मराठीत आपण ‘विठोबाचं देऊळ’ आणि ‘विठोबाला हार’ म्हणतो, तेवढाच भेद इथं लागतो. झेउस हा कर्ता, ‘दिओस’ म्हणजे झेउसचा, ‘दिई’ म्हणजे झेउसला. हद्दीच्या दगडावर किंवा वेदीवर बहुधा ‘चा’ असतो, कारण जागा त्याची. अर्पण केलेल्या वस्तूवर बहुधा ‘ला’ असतो, कारण वस्तू त्याला दिलेली. नाव दिसलं की आधी त्याचा प्रत्यय पाहायचा. दगड जागेबद्दल बोलतोय की देण्याबद्दल, हे तिथंच कळतं.

पहिली पायरी: अख्खा देव घेऊ नका, एक जोडनाव घ्या

ग्रीक लोक देवाच्या नावाला जे दुसरं नाव लावत, त्याला ‘एपिक्लेसिस’ म्हणतात. शब्दाच्या पोटात ‘हाक मारणं’ हेच क्रियापद आहे. मी त्याला मराठीत जोडनाव म्हणतो. अथेना पोलिआस, अथेना हिगिएइया, अपोल्लोन देल्फिनिओस, आर्तेमिस ब्राउरोनिया, आफ्रोदिती उरानिया. अभ्यासाचं एकक हे आहे. ‘झेउसचा अभ्यास करतो’ असं म्हणून कुणी कुठं पोचत नाही. ‘झेउस मेइलिखिओसचा करतो’ असं म्हटलं की वाट दिसते.

पण मग हे देव वेगळे की एकच? हा प्रश्न ग्रीकांनाही पडत होता. झेनोफनच्याच एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की आफ्रोदिती एकच आहे की उरानिया आणि पांदेमोस अशा दोन, ते मला माहीत नाही, कारण झेउसही एकच मानला जातो तरी त्याला जोडनावं पुष्कळ आहेत. पण दोघींच्या वेद्या, देवळं आणि बळी वेगवेगळे आहेत एवढं मला ठाऊक आहे. हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. देवाचं स्वरूप त्यानं उघडं सोडलं आणि वेदीकडे बोट दाखवलं. नवशिक्यानं नेमकं हेच करावं.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावं लागत नाही. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती. मारुती एकच, हे सगळे मानतात, पण नवस बोललेल्या मारुतीलाच नारळ फोडायचा असतो, वाटेत लागलेल्या दुसऱ्याला नाही. ऑलिम्पियात झेउस अपोमिइओस होता, माश्या हाकलणारा झेउस. उत्सवात माश्यांनी जीव नकोसा केला तेव्हा हेराक्लेसनं त्याला बळी दिला आणि माश्या आल्फेइओस नदीपलीकडे गेल्या, अशी तिथली कथा प्राचीन प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो. अशी नावं वाचून हसू येतं, पण ती नावं मनापासून घेतलेली होती. आपल्याकडचं उदाहरण तेवढं समजण्यापुरतं वापरा आणि तिथंच सोडा. ‘अवतार’ ही कल्पना मात्र तिकडे नेऊ नका. मेइलिखिओस हा झेउसचा अवतार नाही, त्याची कुठं जन्मकथा नाही.

दुसरी पायरी: कवीचं नाव वेगळं, वेदीवरचं नाव वेगळं

होमर झेउसला ‘ढग गोळा करणारा’ म्हणतो आणि अथेनाला ‘ग्लाउकोपिस’, चकाकत्या डोळ्यांची. ही नावं सुंदर आहेत, पण पुष्कळदा ती वृत्तात बसतात म्हणून तिथं आहेत. भक्त ज्या नावाला बकरं देतो ते नाव वेगळं. हा फरक कुणा आधुनिक प्राध्यापकानं काढलेला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीस पालथा घालणाऱ्या पॉसेनियसनं पोसेइदोनच्या नावांबद्दल लिहिताना तीन ढीग केले: कवींनी पद्याच्या शोभेसाठी घडवलेली, प्रत्येक गावानं आपापली दिलेली, आणि सगळीकडे चालणारी. हेच तीन ढीग तुमच्या वहीत करा.

कवींना टाकून मात्र देऊ नका. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात पुजारी ख्रिसेस समुद्रकाठी एकटा उभा राहून अपोल्लोनला हाक मारतो. रुपेरी धनुष्याच्या, ख्रिसा आणि किल्ला गावांच्या रक्षका, तेनेदोसच्या राजा, स्मिन्थेउस! मग आठवण करून देतो की मी तुझं देऊळ शाकारलं, तुला मांड्यांची चरबी जाळली. आणि मग मागणी: माझ्या अश्रूंचा बदला घे. नाव, नात्याची आठवण, मागणी, या क्रमानं ग्रीक प्रार्थना चालते. नावांचा भाग सगळ्यात आधी येतो, कारण बरोबर दार वाजलं नाही तर पुढचं सगळं वाया. आणि त्या नावांत किती गावं आहेत ते पाहा. हा अपोल्लोन त्या किनारपट्टीचा आहे.

तिसरी पायरी: एक दगड नीट वाचा

आता मुख्य काम. अथेन्सच्या पूर्वेला आजच्या विमानतळाजवळ स्पाता नावाचं गाव आहे. प्राचीन काळी तिथं एर्खिया होतं, अथेन्सच्या राज्यातलं एक खेडं. तिथं सापडलेला एक दगड १९६३ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात गावानं वर्षभरात कोणत्या देवाला, कुठं, काय द्यायचं याची यादी त्यावर पाच रकान्यांत कोरली आहे. सगळ्या रकान्यांचा खर्च साधारण सारखा भरेल अशी वाटणी केली आहे.

पहिल्या रकान्यातली एक नोंद, जवळजवळ शब्दाला शब्द: अंथेस्तेरिओन महिना, दिआसिया सणाला, शहरात, आग्राई इथं, झेउस मेइलिखिओसला, मेंढी, आतडी भाजून होईपर्यंत मद्याविना, १२ द्राख्मा.

एका ओळीत किती काही आहे! दिआसिया हा अथेन्समध्ये मेइलिखिओसचा मोठा सण होता. थ्युसिडिडीस सांगतो की तो शहराच्या वेशीबाहेर होई आणि पुष्कळ लोक त्यात जनावराऐवजी तिथलीच रूढ अर्पणं देत. आपल्या नोंदीत ‘शहरात’ असं मुद्दाम लिहिलं आहे, कारण दगड खेड्यात उभा आहे. म्हणजे एर्खियाचे लोक मेंढी घेऊन सणाला बाहेरगावी जात होते, आणि खर्च गावाच्या नावे पडत होता. ‘मद्याविना’ हे सुरुवातीला, आतडी भाजेपर्यंत. त्यानंतर मद्य आलं. म्हणजे विधी सोवळ्या, गंभीर सुरात सुरू होऊन मध्येच नेहमीच्या सणासारखा झाला. ‘मेइलिखिओस’ या नावाची घडी एवढ्या चार शब्दांत उलगडते, असं मला दर वेळी वाटतं.

त्याच दगडावर खालीवर पाहा. झेउस एपोपेतेस, म्हणजे वरून पाहणारा, त्याला एर्खियाच्याच टेकडीवर डुकराचं पिल्लू, अख्खं जाळलेलं, मद्याविना, ३ द्राख्मा. झेउस पोलिएउसला मेंढी. एकाच खेड्याच्या एकाच यादीत निदान हे तीन झेउस, तिघांचं ताट वेगळं.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे मी हा दगड सगळ्यांना आधी वाचायला सांगतो. झेनोफन एर्खियाचाच होता. त्याच्या गावची यादी मेइलिखिओसला मेंढी देते. त्यानं स्वतः ‘वडिलोपार्जित रीतीनं’ डुकरं जाळली. एकच गाव, एकच नाव, तरी बळी वेगळा. मी याचा अर्थ असा लावतो की गावाची रीत आणि घराची रीत एकाच नावाखाली शेजारी शेजारी नांदत होत्या. लांप्साकोसला एउक्लेइदेसही ‘घरी तुमच्यासाठी’ असंच म्हणाला होता. तुमचा अर्थ निराळा निघू शकेल, पण हा प्रश्न तुम्हाला पडावा म्हणून तरी दगड वाचायचा.

वहीत प्रत्येक नोंदीसाठी एक पान ठेवा. नाव ग्रीक अक्षरांत, जसं कोरलंय तसं, विभक्तीसकट. मग जागा, अंदाजे काळ, देणारा कोण (घर, गाव, राज्य, एकटी बाई), काय दिलं, किती खर्च, आणि मजकूर कसला आहे: नियम, हिशेब, अर्पण की हद्द. ‘अर्थ’ असा रकाना सुरुवातीला करूच नका. तो आधी भरला की बाकीचे रकाने त्याच्या मागे फरफटत जातात. आणि लेखनभेद टिपा. मेइलिखिओस हे नाव दगडांवर ‘मिलिखिओस’ असंही येतं. एकच रूप शोधलंत तर निम्मा पुरावा हातचा जाईल.

चौथी पायरी: नाव नकाशावर ठेवा

दहा-बारा पानं झाली की नकाशा घ्या. मेइलिखिओसच्या बाबतीत तीन ठिकाणं तरी हवीत. एक आग्राई, इलिसोस नदीच्या काठी. दुसरं पिरेउस, अथेन्सचं बंदर. तिथून आलेल्या ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या कोरीव फरश्यांवर हा झेउस प्रचंड दाढीवाल्या सापाच्या रूपात आहे, वेटोळं घालून फणा उभारलेला, समोर हात जोडावेत तसे उभे असलेले इवलेसे भक्त. त्याच काळात तोच झेउस सिंहासनावर बसलेला पुरुष म्हणूनही कोरला जात होता. तक्त्यातल्या आकाशदेवाला हे साप कुठं चिकटवणार? नाव धरून आलात तर चिकटवावं लागत नाही.

तिसरं ठिकाण दूर, सिसिलीतलं सेलिनुस. तिथं मेइलिखिओसच्या आवारात साधे दगड रोवलेले सापडले, पुष्कळांवर फक्त ‘मेइलिखिओस’, झेउस हा शब्दही नाही. काहींवर माणसाचं नाव ‘चा’ प्रत्ययानं. तिथलाच एक शिशाचा पत्रा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिस्कोसच्या जागेतला मेइलिखिओस आणि एउथिदामोसच्या जागेतला मेइलिखिओस असे दोन वेगवेगळे येतात, दोघांचे विधी वेगळे. अमक्याच्या आवारातला म्हसोबा म्हणतो तसंच. जोडनावाला आणखी एक जोडनाव लागलं, आणि ते एका माणसाच्या घराण्याचं.

शेजारची नावंही नकाशावर घ्या. घराच्या अंगणातला झेउस हेर्केइओस, कोठीघरातला झेउस क्तेसिओस. अथेन्समध्ये वरच्या अधिकारपदावर निवडलेल्या माणसाला पदावर बसण्यापूर्वी आईवडिलांची, आजोबांची नावं विचारत आणि लगेच पुढे: तुझ्याकडे अपोल्लोन पात्रोओस आणि झेउस हेर्केइओस आहेत का, त्यांची ठाणी कुठं आहेत? त्यानंतर घराण्याच्या कबरी कुठं, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का. तुमचं कुलदैवत कोणतं, या आपल्याकडच्या प्रश्नाची आठवण होते. पण तिकडे तो प्रश्न सरकारी तपासणीत होता. झेउसवर श्रद्धा आहे का, असं कुणी विचारत नव्हतं. अमुक नावाच्या झेउसचं ठाणं कुठल्या अंगणात आहे, ते सांगायचं होतं.

पाचवी पायरी: आता नावाचा अर्थ, सांभाळून

मेइलिखिओस म्हणजे सौम्य, गोड, मनवता येणारा. वाचणारा लगेच म्हणतो, म्हणजे हा प्रेमळ देव. पण एवढी पानं भरल्यावर तुम्ही तसं म्हणणार नाही. अख्खी जाळलेली डुकरं, मद्याविना सुरुवात, साप, वाट अडवणं. तो सौम्य आहे म्हणून त्याला सौम्य म्हणत नव्हते. त्यानं सौम्य व्हावं म्हणून म्हणत होते. रक्ताचा सूड घेणाऱ्या देवींना एउमेनिदेस, म्हणजे भलं चिंतणाऱ्या, म्हणत. अथेन्समध्ये त्या सेम्नाई, म्हणजे पूजनीय, होत्या. पाताळाच्या राजाला हादेस म्हणायचं टाळून प्लूतोन, धनवान, म्हणत.

आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. अंधारात सापाचं नाव घेत नाही, जनावर किंवा लांबडं म्हणतो. जीवघेण्या रोगाला आपण ‘देवी’ म्हणालो. त्यामुळे हे आपल्याला कानानं ओळखता येतं, आणि ते शिकताना फार उपयोगी पडतं. नावाचा अर्थ शब्दकोशातून काढल्यावर स्वतःला एकदा विचारा: हे वर्णन आहे, की विनवणी?

सहावी पायरी: माणसांच्या नावांतले देव

देवांची नावं फक्त वेदीवर नसतात, ती लोकांच्या अंगावर असतात. हिरोडोटस म्हणजे हेरा-दोतोस, हेरानं दिलेला. तो ‘दोतोस’ आणि आपला ‘दत्त’ एकाच धातूचे. आर्तेमिदोरोस, आपोल्लोनिओस, देमेत्रिओस, दिओगेनेस म्हणजे झेउसपासून जन्मलेला. केफिसोदोतोस म्हणजे केफिसोस नदीनं दिलेला, आणि यातून कळतं की ती नदी मुलं देणारी देवता होती. हादेसवरून ठेवलेली नावं मात्र जवळजवळ मिळतच नाहीत, हेही बोलकं आहे. अशा नावांसाठी ऑक्सफर्डचा ग्रीक व्यक्तिनामकोश आहे, त्यात प्रदेशवार शोधता येतं.

इथं एक चूक मी बऱ्याच जणांना करताना पाहतो: नावावरून त्या माणसाची भक्ती ठरवणं. ग्रीक घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची चाल होती. आपोल्लोनिओस हा फक्त आजोबांचा नातू असू शकतो. याचा पुरावा आपल्या दाराशीही आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसानं दिलं. लेखात तो स्वतःला योनक, म्हणजे यवन, आणि धम्मदेवाचा मुलगा म्हणवतो. ग्रीक म्हणून ओळखला जाणारा माणूस, नावात इंद्र आणि अग्नी, दान बौद्ध संघाला. विदिशाजवळचा गरुडस्तंभ वासुदेवासाठी उभारणारा तक्षशिलेचा राजदूत हेलिओदोरोस होता, ‘सूर्यानं दिलेला’, आणि तो स्वतःला भागवत म्हणवतो. नाव कुटुंबाचा माग देतं. माणसाचा माग त्याच्या दानातून लागतो.

नावांची सगळ्यात सुंदर जोडी मला माल्टात सापडलेल्या दोन संगमरवरी स्तंभिकांवर वाटते, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या. एकच अर्पण, फिनिशियन आणि ग्रीक अशा दोन भाषांत. फिनिशियन मजकुरात दोघे भाऊ अब्दोसिर आणि ओसिरशामार आहेत, आणि देव आहे सूरचा, म्हणजे टायर शहराचा, स्वामी मेल्कार्त. ग्रीकमध्ये तेच भाऊ दिओनिसिओस आणि सारापिओन होतात, देव होतो हेराक्लेस आर्खेगेतेस, म्हणजे मूळपुरुष, प्रवर्तक. अब्दोसिर म्हणजे ओसिरिसचा सेवक, आणि ग्रीक ओसिरिसला दिओनिसोस समजत, म्हणून दिओनिसिओस. देवाचं भाषांतर झालं तसं माणसाचंही झालं. पण ‘सूरचा स्वामी’ हे जोडनाव मात्र शब्दशः उतरवलं नाही, तिथं ग्रीक कानाला जवळचं दुसरं ठेवलं. १७५८ मध्ये बार्तेलेमी यांनी याच लेखाच्या आधारे फिनिशियन लिपी उलगडली. दोन भाषांतले असे लेख मिळतील तेव्हा दोन्ही बाजू शेजारी लिहा आणि जे जुळत नाही तिथं थांबा.

सातवी पायरी: व्युत्पत्ती सगळ्यात शेवटी

मराठी वाचकाला इथं सगळ्यात आधी यायचा मोह होतो, म्हणून मी ही पायरी मुद्दाम मागे ठेवली. झेउस आणि ऋग्वेदातला द्यौः हे खरोखर एकच शब्द आहेत. ‘दिओस’ आणि ‘दिवः’, ‘झेउ पातेर’ आणि ‘द्यौष्पितः’ शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. आपला दिवस त्याच धातूचा. पण एवढ्यावरून मेइलिखिओसच्या सापाबद्दल काहीही कळत नाही. दोन हजार वर्षं आणि हजारो मैल मध्ये गेलेत.

आणि जिथं ध्वनी जुळतात तिथं नातं असतंच असं नाही. ग्रीक ‘थेओस’ म्हणजे देव, पण त्याचा आपल्या ‘देव’ शब्दाशी संबंध नाही. लॅटिन ‘देउस’चा आहे. उरानोस आणि वरुण ही जोडी जुन्या पुस्तकांत सर्रास भेटते, आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ती धरत नाहीत. हेर्मेस, आफ्रोदिती, अथेना यांच्या नावांचा उगम ठामपणे कुणी सांगू लागलं तर सावध व्हा.

नावाच्या वयाबद्दल मात्र भक्कम पुरावा आहे. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनियर बी लिपी उलगडली आणि ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या मातीच्या पाट्या बोलू लागल्या. झेउस, हेरा, पोसेइदोन, हेर्मेस, आर्तेमिस त्यांत आहेत. दिओनिसोस हा उशिरा बाहेरून आलेला देव, असं अनेक अभ्यासक तोवर मानत. क्रीटमधल्या खानिया इथल्या पाटीवर झेउसच्या ठाण्यात झेउसला मधाचा एक बुधला आणि दिओनिसोसला दोन, असा सरळ हिशेब निघाला. कोठीवरच्या कारकुनाची एक नोंद, आणि सगळं म्हणणं नव्यानं मांडावं लागलं.

सुरुवात कशी कराल

झेनोफनच्या मोहिमेच्या वृत्तांतातला (‘अनाबासिस’) शेवटचा भाग आज वाचा, भाषांतरात चालेल. पर्सियस या ऑनलाइन संग्रहात मूळ ग्रीक आणि इंग्रजी दोन्ही फुकट मिळतं. मग लिएज विद्यापीठाचा ग्रीक विधिनियमांचा संग्रह उघडा, त्यात एर्खियाचा दगड भाषांतरासह आहे. पॅकार्ड संस्थेच्या शिलालेख-शोधात जोडनाव ग्रीक अक्षरांत टाकून पाहा. तिथं भाषांतर नसतं, पण ‘ला’ आणि ‘चा’ ओळखता आले की तुम्ही पानं भरू शकाल. तुलूझच्या अभ्यासकांनी ग्रीक आणि सेमिटिक देवांच्या अशा जोडनावांची मोठी नोंदवही केली आहे, ती नंतर पाहा. आधी स्वतःच्या हातानं वीस नोंदी करा.

पहिलं नाव स्वतः निवडा. मेइलिखिओस नको असेल तर झेउस क्तेसिओस घ्या, कोठीघरातला. किंवा स्पार्टाची आर्तेमिस ओर्थिया, जी सुरुवातीच्या अर्पणांवर नुसती ओर्थिया आहे आणि आर्तेमिस हे नाव तिला पुढे जोडलं गेलं. तिथं जोडनाव कुठलं आणि मूळ नाव कुठलं, हाच प्रश्न उलटा होतो.

आणि अडलात तर दोदोनाकडे वळा. उत्तर ग्रीसमधल्या त्या कौल देणाऱ्या ठिकाणी लोक शिशाच्या पट्ट्यांवर प्रश्न खरडून झेउस नाइओस आणि दिओने देवीला विचारत. अशा चार हजारांहून जास्त पट्ट्या प्रसिद्ध झाल्या आहेत. हेर्मोन नावाचा माणूस विचारतो, कोणत्या देवाला धरलं तर मला क्रेताइआपासून, आहेत त्यांच्याखेरीज, उपयोगी पडेल असं मूल होईल? त्या ढिगात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, कोणत्या देवाला प्रार्थना करू, कोणाला बळी देऊ. त्यांनाही योग्य नाव शोधावंच लागत होतं, आणि ते विचारायला ते डोंगर चढून जात होते.